गस्तीवर वायरलेस वापरताना या चुका टाळा

वायरलेसवर एका वेळी एकालाच बोलता येतं, आणि जो बोलतो त्याला तेवढा वेळ काहीच ऐकू येत नाही. गस्तीवरचे बरेचसे घोटाळे ही गोष्ट विसरल्यामुळे होतात.

बटण दाबलं की लगेच बोलू नका. रिपीटर, म्हणजे आपला आवाज पकडून लांबवर पोचवणारं यंत्र, उघडायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पहिला शब्द गळतो. तो बहुधा तुमची कॉलसाइन, म्हणजे वायरलेसवरची ओळख असते, त्यामुळे मदत कोणाला हवी आहे हेच कंट्रोल रूमला कळत नाही. बोलणं संपायच्या आत बटण सोडणं तर त्याहून घातक, कारण आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘गाडी थांबली नाही’ यातला ‘नाही’ गेला की पुढच्या नाक्यावरचे निवांत.

गाडीचा नंबर सांगताना एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी अशी भाषा नकोच. खरखरीत सगळे ‘एकोण’ सारखेच ऐकू येतात. सुटे आकडे सांगा: पाच, नऊ. अक्षरांचंही तेच. बी, डी, पी, टी यांतला फरक भर रस्त्यात कोणाच्याच कानाला कळत नाही. ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो म्हणायला लाजू नका. कंट्रोलने नंबर परत म्हणून दाखवला तरच तो पोचला असं धरा. नुसत्या ‘रॉजर’चा अर्थ ऐकलं, एवढाच, काय ऐकलं ते त्यातून कळत नाही.

ठिकाणाच्या बाबतीत पुण्याचं उदाहरण पुरेसं आहे. ‘मारुतीपाशी या’ म्हटलं तर कोणत्या? जिलब्या, पत्र्या, सोन्या, दुल्या की भिकारदास? आधी चौक, मग रस्ता, मग पळणाऱ्याची दिशा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे आणि सहकाऱ्यांनी अडवलेल्या चंदेरी स्कोडाची खबर नाकाबंदीला कंट्रोलकडून आधीच मिळालेली होती. रंग आणि बनावट नेमकी सांगितली की नाक्यावरच्या माणसाला रांगेतली कोणती गाडी थांबवायची ते कळतं.

आता बिघाड. दुसऱ्याचं ऐकू येतंय, पण आपलं जात नाही, अशी तक्रार असेल तर आधी बॅटरी बघा. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला खूप. उतरलेल्या बॅटरीवर सेट ऐकतो आणि बटण दाबताच मान टाकतो. बॅटरी ठीक असेल तर अँटेना सैल झाली आहे का आणि चॅनेलची खुंटी फिरली आहे का ते पाहा. कमरेला लावलेल्या सेटची खुंटी गाडीत बसता-उठता हमखास फिरते. अँटेना धरून सेट उचलणाऱ्यांनी तक्रार तरी करू नये. तळघरात किंवा गाडीच्या पत्र्याआड आवाज तुटत असेल तर बाहेर या. कधी कधी दोन पावलं सरकल्यानेही काम होतं.

पूर्ण चॅनेल अचानक मुका झाला, नुसती इंजिनची घरघर किंवा कोणाच्या तरी गप्पा ऐकू येऊ लागल्या, तर कोणाचा तरी माइक मांडीखाली दबला आहे. कंट्रोल ओरडून सांगत राहतं, पण ज्याला सांगायचं त्यालाच ऐकू येत नसतं. म्हणून बराच वेळ सेट शांत वाटला तर आधी आपल्याच सेटचा लाल दिवा बघा. तो पेटलेला असेल तर बटण आपलंच दबलं आहे.

मोटारसायकलवरून बोलताना वाऱ्याकडे पाठ करा आणि माइक तोंडापासून चार बोटं लांब, थोडा तिरका धरा. ओरडू नका. ओरडल्याने आवाज फाटतो, लांब जात नाही.

साध्या चॅनेलवर कोण ऐकत असेल याचा नेम नाही. पीडित महिलेचं किंवा मुलाचं नाव-पत्ता तिथे उच्चारू नका. ते फोनवर सांगा. उलट, ठाण्यातल्या मित्राला फोन करून ‘इथे मारामारी चालू आहे’ कळवणं ही चूकच. फोन एकालाच कळतो. जवळच्या गाडीला ते वायरलेसवरच ऐकू येणार.

ड्युटी बदलताना सेट हातात घेतला की गेटबाहेर पडण्याआधी कंट्रोलला एक हाक द्या. सेट बदलून मिळायचा तर तिथेच मिळेल.