डॉ. श्रीराम लागूंवर तासाभराचा कार्यक्रम कसा बसवायचा

१६ नोव्हेंबर २०२७ ला डॉ. लागूंच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होतायत. आपल्या इंदूरच्या मराठी मंडळांना मी ओळखतो, त्यामुळे त्या सुमारास रामबागेत, सुदामा नगरात, राजेंद्र नगरात कुठे ना कुठे कार्यक्रम होणार हे नक्की, आणि व्हायलाच पाहिजेत. फक्त होतं काय की एक जण माईकवर जन्म-शिक्षण-पुरस्कार वाचून दाखवतो, मग यूट्यूबवरचे चार तुकडे, मग लांबलचक आभार आणि लोक पोहे खायला उठतात. एवढ्या ताकदीच्या नटाला हे फार कमी पडतं. म्हणून ज्यांच्या गळ्यात मंडळाने हे काम टाकलंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी ठरवा की सांगायचं काय. सगळं आयुष्य तासाभरात बसत नाही आणि बसवूही नये. मला विचाराल तर त्यांनी वेळोवेळी घेतलेले निर्णय धरून चला, कारण बाकी सगळं त्यातूनच आपोआप येतं. साताऱ्यात जन्म, पुण्यात शिक्षण, बी. जे. मेडिकल कॉलेज, कॉलेजपासूनच नाटकाचा नाद, मग कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात प्रॅक्टिस, कॅनडा आणि इंग्लंडमधे पुढचं शिक्षण, टांझानियात डॉक्टरकी, आणि भारतात असतील तेव्हा पुण्यात पीडीए नाही तर मुंबईत रंगायन या नाट्यसंस्थांमधे काम चालूच. म्हणजे चांगला चाललेला डॉक्टर माणूस, आणि १९६९ मधे, चाळिशी ओलांडलेली असताना, सगळं सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवतो आणि 'इथे ओशाळला मृत्यू'मधून व्यावसायिक रंगभूमीवर उतरतो. समोर बसलेल्या प्रत्येक आईबापाला हा निर्णय किती अवघड असतो ते कळतं, म्हणून पहिली दहा मिनिटं यालाच द्या. 'लमाण' हे त्यांचं आत्मचरित्र मिळवाच, लायब्ररीत नसेल तर कुणा ना कुणाच्या घरी निघेल, आणि ते नीट वाचूनच संहिता लिहायला घ्या. इंटरनेटवरचं कॉपी-पेस्ट नको, त्यात तारखा सर्रास चुकलेल्या असतात.

आता मुख्य भाग, नाटक. यातला एक मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही तो निवेदनात जरूर घ्या. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा, म्हणजे अप्पासाहेब बेलवलकर पहिल्यांदा उभे केले तेव्हा डॉक्टर अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते! आपल्या डोळ्यासमोर तो थकलेला म्हातारा असतो, पण ते थकणं त्यांनी आवाजातून, श्वासातून, खांद्यातून कमावलेलं होतं. त्यानंतर 'हिमालयाची सावली'तले नानासाहेब भानू, तेही वयस्कर. आणि पुढे खरोखरची सत्तरी ओलांडल्यावर 'सूर्य पाहिलेला माणूस'मधे सॉक्रेटिस केला, ज्या वयात लोक सत्कार घेत बसतात त्या वयात. या तीन भूमिका वयाच्या अंगाने एकापुढे एक ठेवल्या तरी निवेदन उभं राहतं, वेगळी विशेषणं लावावी लागत नाहीत. दिग्दर्शक लागू विसरू नका. 'गिधाडे' त्यांनी १९७० मधे बसवलं, तेव्हा सेन्सॉरशी भांडावं लागलं होतं. म्हणजे एकाच वर्षात 'गिधाडे' पण आणि 'नटसम्राट' पण, यावरून माणसाची रेंज कळते.

नाटकाच्या भागात व्हिडिओ शक्यतो नको. अभिवाचन करा, स्टेजवर, प्रत्यक्ष. दोन वाचक, दोन स्टँड माईक, मागे म्युझिक अजिबात नाही, आणि वाचन चालू असताना स्क्रीन बंद. 'नटसम्राट'मधली ती सगळ्यांना पाठ असलेली स्वगतं गल्लीतला प्रत्येक हौशी नट करतो आणि मग लोक मनातल्या मनात तुलना करत बसतात, त्यापेक्षा अप्पा आणि त्यांची बायको कावेरी यांचा एखादा शांत प्रवेश निवडा, ऐकणाऱ्याला तो जास्त लागतो. डॉक्टरांची नक्कल करायला कुणालाही देऊ नका, कितीही चांगली जमत असली तरी. त्यांचं 'वाचिक अभिनय' नावाचं छोटं पुस्तक आहे, वाचकांना ते तालमीच्या आधी वाचायला लावा.

आपल्याकडची एक खास अडचण आहे आणि ती मनापासून सांगतो. इथे वाढलेल्या मुलांचं मराठी गोड असतं पण च, ज, झ हिंदीसारखे येतात, जग, चमचा, झाड सगळं हिंदी वळणाचं. घरात चालतं, स्टेजवर लागूंच्या कार्यक्रमात फार खटकतं. रागावू नका, मुलं तयार होतात. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायला लावा, फोनवर रेकॉर्ड करून त्यांचं त्यांना ऐकवा, आणि वाक्य कुठे तोडायचं ते पेन्सिलीने संहितेवर मार्क करून द्या. निदान तीन आठवडे तालीम हवीच, आदल्या दिवशी एकदा वाचून काही होत नाही.

सिनेमाच्या भागात क्लिप चालतील, पण मोजक्या. 'पिंजरा' (१९७२) आणि 'सामना' शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीत डॉक्टर मास्तर आहेत आणि दोन्हीत निळू फुले आहेत. एकात तत्त्वनिष्ठ मास्तर तमासगिरणीच्या नादात घसरतो, दुसऱ्यात दारुडा मास्तर साखरसम्राटाच्या गावात येऊन एका गायब झालेल्या माणसाबद्दल विचारत राहतो. दोन-दोन मिनिटांचं पुरे. 'सिंहासन'मधला अर्थमंत्री दाभाडे वेळ उरला तरच घ्या.

सभागृहात हिंदीभाषक सुना, जावई, शेजारी असतातच, त्यांना डॉक्टर हिंदी सिनेमातले माहीत असतात, कुणाचे वडील, कुणाचे डॉक्टर नाही तर वकील. ती सगळी यादी नको. 'घरौंदा'तला मोदी दाखवा, फिल्मफेअर त्याच रोलला मिळालं होतं, वयस्कर श्रीमंत माणूस, खलनायक करणं सोपं होतं पण त्यांनी तो एकटा माणूस केला. अॅटनबरोंच्या 'गांधी'मधे ते गोपाळ कृष्ण गोखले होते हे सांगितलं की मुलं पण कान टवकारतात. पुरस्कार एका वाक्यात उरका, पद्मश्री आणि आपल्या मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान, बास.

आता जिथे मंडळात वाद होतो ते. डॉक्टर उघड नास्तिक होते, देवाला रिटायर करा असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं, दाभोलकरांबरोबर गावोगावी विवेकाच्या विषयावर बोलले, आणि निळूभाऊंसोबत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून कार्यकर्त्यांसाठी पैसे उभे केले. कमिटीतलं कुणीतरी म्हणेल की हे वगळू या, लोकांना आवडत नाही. वगळू नका. पटत नसेल तर नसू दे, पण तो माणूस त्याशिवाय अर्धाच राहतो. आणि सुरुवातीला सरस्वतीपूजन-दीपप्रज्वलनाचा आग्रह पण सोडा या एका दिवसापुरता, फोटोजवळ फुलं ठेवा आणि थेट वाचनाला सुरुवात करा. मुलगा तन्वीर तरुण वयात गेला, त्याच्या नावाने लागू दांपत्याने रंगकर्मींसाठी तन्वीर सन्मान सुरू केला, हे साध्या शब्दात सांगा. तिथे आवाज कापरा करायचा नाही, बासरी लावायची नाही.

आपल्या शहरात जुने प्रेक्षक आहेत, नाट्यभारतीची, बाबा डिक्यांची नाटकं पाहिलेले, काहींनी डॉक्टरांना स्टेजवर प्रत्यक्ष पाहिलंय. दोघांना बोलवा, प्रत्येकी तीन मिनिटं. आधी घरी जाऊन, चहा घेत, निवांत ऐका आणि त्यातला कुठला प्रसंग स्टेजवर सांगायचा ते त्यांच्याशीच बोलून ठरवा, आजी-आजोबांना ऐनवेळी घड्याळ दाखवणं बरं दिसत नाही. घरचं ते सगळं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, कार्यक्रमात तीन मिनिटं येतील पण बाकीचं पण मोलाचं असतं.

परवानगीचं आळसावर टाकू नका. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, सिनेमाला प्रदर्शनापासून साठ, म्हणजे इथलं जवळजवळ सगळंच अजून कॉपीराइटमधे आहे. तिकीट नसलं तरी प्रवेश वाचायचा तर प्रकाशकाला पत्र लिहा, लेखकाच्या वारसांची संमती आणि मानधन विचारा, क्लिपसाठी निर्मात्याकडे. उत्तर यायला वेळ लागतो म्हणून सहा महिने आधी सुरू करा.

तारखेचं असं की २०२७ चा १६ नोव्हेंबर मंगळवारी येतोय, नोकरदार लोक येणार नाहीत, त्यापेक्षा रविवारी १४ ला करा, पण त्या दिवशी इथल्या सानंद संस्थेचा नाटकाचा प्रयोग नाही ना ते आधी बघा कारण प्रेक्षक तोच आहे. जाल सभागृह मिळालं तर उत्तम, वाचनाला मोठ्या हॉलपेक्षा तसाच बरा. तुळशीची लग्नं लागली की शहरातले हॉल भराभर बुक होतात, तेव्हा अर्ज वर्षभर आधीच टाका आणि बुकिंग करतानाच तालमीसाठी आदल्या दिवशीचे दोन तास पण मागून घ्या, माईक त्याच वेळी तपासून होतात.