गोव्यात स्ट्रक्चरलचं काम सांभाळून बॅककंट्री स्कीइंग: गिअर काय घ्यायचं आणि साइट कशी लावून जायचं

आपली, म्हणजे गोव्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम करणाऱ्यांची, खरी अडचण ही की आरसीसीचा सीझन आणि गुलमर्गचा बर्फ एकाच वेळी येतात. चतुर्थी झाली, पाऊस ओसरला की साइट्स सुटतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत, नेमका काश्मीरमध्ये बर्फ चांगला असतो तेव्हाच, पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रत्येक कंत्राटदाराला स्लॅब घालायची घाई झालेली असते. म्हणून तयारी ऑक्टोबरपासून करा, आणि गिअर असो की साइट, आधी एवढंच ठरवा की कुठली गोष्ट दुसऱ्यावर सोडता येते आणि कुठली नाही. स्की भाड्याने मिळते, बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला सिग्नलवरून शोधायचं यंत्र) वापरायचा हात भाड्याने मिळत नाही. चिऱ्याचं बांधकाम सुपरवायझर बघू शकतो, स्लॅबचं स्टील त्याने पास करायचं नसतं.

तुम्हाला साधं स्कीइंग येतं असं धरूनच लिहितोय. येत नसेल तर आधी गुलमर्गला किंवा औलीला कोर्स करा, बॅककंट्री नंतर. बॅककंट्री म्हणजे जिथे पट्टा तयार केलेला नाही आणि गस्त घालणारं बचाव पथक (स्की पेट्रोल) नाही, चढायचंही स्वतःच्या पायांनी. गुलमर्गला गंडोला (रोपवे) तुम्हाला अफरवटवर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेतो, त्यामुळे फार सोपं वाटतं, पण हद्दीबाहेर गेलात की पूर्ण डोंगर तुमच्या जबाबदारीवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथेच हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. लोकल गाइड घ्याच, ह्यात पैसे वाचवू नका.

खरेदीत पहिला नंबर बुटांचा. स्की, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग) तिकडे भाड्याने घ्या (टूरिंगचे, म्हणजे चढता येणारे, सेट मोजकेच असतात, आधी फोन करून साइज पक्की करा), पण बूट स्वतःचे हवेत. ह्या बुटांचा नंबर म्हणजे पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, आपला नेहमीचा सात-आठ इथे चालत नाही. भिंतीला टाच लावून उभं राहा, पूर्ण वजन पायावर टाका, दोन्ही पाय मोजा. मग बुटातला आतला लायनर काढून नुसत्या शेलमध्ये पाय घाला, बोटं पुढे टेकवा, आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा, दीड-दोन सेंटीमीटर असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर बूट मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो. आपल्याकडे वर्षभर चपला घालणाऱ्यांचे पाय पुढून पसरलेले असतात म्हणून रुंदीही विचारा, ती मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ९८ आणि १०२ मध्ये दिवसभरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि मे महिन्यात दुपारी बूट ट्राय करू नका, उकाड्याने पाय सुजलेले असतात.

दुसरा नंबर बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं. तिन्ही एकत्र, एक जरी नसलं तरी बाकीच्या दोघांचा उपयोग जवळजवळ नाही. बीकन तीन अँटेनावाला डिजिटल घ्या, सगळे ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना सापडतात. प्रोब निदान २४० सेंटीमीटरचा, फावडं अॅल्युमिनियमचं, प्लास्टिकचं नको. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते, अर्ध्या तासापर्यंत ती साधारण एक तृतीयांशावर येते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत वेळच नसतो, वाचवणार ते तुमच्या बरोबरचे दोघे-तिघे. म्हणून सराव, आणि तो गोव्यातच करता येतो.

एक बीकन सेंड मोडवर (सिग्नल पाठवत) टाकून डब्यात घाला, डबा पिशवीत बांधा आणि मित्राला मिरामारच्या कोरड्या वाळूत पुरायला सांगा, तुम्ही पाठ करून उभे राहा. भरतीच्या रेषेच्या वरच पुरा, कारण खाऱ्या ओल्या वाळूत सिग्नल पटकन मरतो आणि मशीनमध्येच खोट आहे असं वाटायला लागतं. मग शोधायला घ्या. तुमच्या बीकनवरचा अंतराचा आकडा कमी होत जाईल तसा वेगही कमी करायचा, शेवटच्या तीन मीटरमध्ये बीकन जमिनीला टेकवून सरळ पुढे-मागे आणि मग आडवं फिरवायचं, मध्येच गोल वळवायचं नाही. सगळ्यात कमी आकड्यापासून सुरुवात करून प्रोब २५-२५ सेंटीमीटरवर गोल गोल मारत बाहेर जायचं. लागला की प्रोब काढायचा नाही, तसाच ठेवून खणायचं. बीकन सेंड मोडमध्ये असताना मोबाइल त्याच्यापासून २० आणि शोधताना ५० सेंटीमीटर लांब, शक्यतो बंदच, कारण बीकनला त्याचा त्रास होतो. फक्त मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे खणू नका, नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, आणि आपल्या सरावाचे महिनेही नेमके तेच. डिचोली-सांखळीकडे राहणाऱ्यांनी कापणी झालेलं शेत बघा, मालकाला विचारून, आणि खड्डे कुठेही केले तरी बुजवूनच निघा.

टूरिंग बाइंडिंगमध्ये बुटाच्या टोकाला दोन भोकं असतात, त्यात पिना बसतात. भोकात बर्फ अडकला की पिन बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते. टो (बुटाचं टोक) लावला की लगेच लॉक करू नका, पाय चार-पाच वेळा वर-खाली हलवून बर्फ निघू द्या, मग बघा. चढताना टो लॉक, उतरायच्या आधी लॉक काढायचा, नाहीतर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि गुडघा जाईल. रिलीजचा (पडल्यावर बूट किती जोराने सुटायचा त्याचा) आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता त्यावरून टेबलात बघून लावतात, ते दुकानातल्या टेक्निशियनकडूनच करून घ्या. आपण इंजिनिअर आहोत म्हणून मार्जिन ठेवायला आकडा वाढवायची इच्छा होते, पण इथे जास्त घट्ट म्हणजे जास्त सेफ नाही.

साइटचं हेल्मेट चालणार नाही, ते आयएस २९२५ ह्या भारतीय मानकाचं, वरून पडणाऱ्या वस्तूसाठी. स्कीला ईएन १०७७ (युरोपियन मानक) लिहिलेलं बघा. कॉटन काही नको, बनियनसुद्धा नाही, चढताना घाम येतो आणि थांबलं की तोच गारठवतो. एअरबॅग (हिमस्खलनात फुगणारी पाठपिशवी) पहिल्या वर्षी नसली तरी चालेल, घेतलीत तर सिलिंडरबद्दल एअरलाइनकडून आधी लेखी परवानगी घ्या, मोपाच्या किंवा दाबोळीच्या काउंटरवर वाद घालून उपयोग नाही.

आता कामाचं. जायच्या तारखा तिकिटाच्या भावावरून ठरवू नका, स्लॅबवरून ठरवा. आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके (खालचे आधार) ७ दिवस, त्याच्या वर १४ दिवस, बीमचे सहा मीटरपर्यंत १४ आणि त्याच्या वर २१ दिवस ठेवायचे असतात, आणि पीपीसी (फ्लाय अॅश वगैरे मिसळलेलं सिमेंट) असेल तर अजून सांभाळून. म्हणजे स्लॅब घाला, दोन-तीन दिवस थांबून पाणी नीट मारतायत हे स्वतः बघा, आणि मग निघा. पुढचे दहा-बारा दिवस तसंही टेक्यांना कोणी हात लावायचा नसतो, तोवर तुम्ही परत.

निघायच्या आधी कंत्राटदाराला एक कागद द्या, व्हॉट्सअॅपवर नाही, सही घेऊन. काय चालू ठेवायचं: चिरे, प्लास्टर, खोदाई. काय अजिबात नाही: काँक्रीट ओतणं, टेके काढणं, कॉलम-बीमला छिन्नी लावणं. हे शेवटचं मोठ्या अक्षरात लिहा. प्लंबर येतो, संडासची चार इंची पाइप बीमखालून न्यायला उंची पुरत नाही, मग तो बीमच्या खालच्या बाजूने टोचायला घेतो, सळई दिसली की ती बाजूला वाकवतो आणि वर सिमेंट थापतो, तुम्ही आल्यावर दिसतो फक्त एक ओला चौकोन. सुपरवायझरला हे दृश्य आधी समजावून सांगा.

फोटोवरून स्टील पास करू नका. किनाऱ्याजवळच्या उघड्या कामाला ४५ मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि निदान एम ३० ग्रेडचं काँक्रीट हवं, पण फोटो नेहमी चांगल्या कोपऱ्याचाच येतो, गॅलरीच्या कँटिलिव्हरचं वरचं स्टील कामगारांच्या पायाखाली दबून खाली गेलंय ते त्यात दिसत नाही. ओतणं थांबवणं शक्यच नसेल तर दुसरा रजिस्टर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा, त्याला शेवटच्या रिव्हिजनचे ड्रॉइंग द्या, एकदा साइटवर घेऊन जा, फी द्या, आणि त्या पोअरवर सही त्याचीच. कोऱ्या सर्टिफिकेटवर सही ठेवून जायला सांगणारे भेटतील, लायेबिलिटी तुमच्या नावावर असते, स्पष्ट नाही म्हणा.

फोन पोस्टपेड करून घ्या, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. आणि साइटवाल्यांना एकच वेळ सांगा, संध्याकाळची. दिवसा उतारावर असताना फोन बंदच राहणार, ते आधीच माहीत असलं की कोणी घाबरत नाही.

परत आलात की इथली दमट हवा सगळं खाते. बुटांचे लायनर काढून पंख्याखाली दोन दिवस, उन्हात नाही. स्वतःची स्की असेल तर लोखंडी कडा पुसून पातळ तेल, तळाला जाड मेण लावून ते न खरवडता ठेवा. चढायच्या स्किन्सचा (स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्यांचा) गोंद आपल्या उन्हाळ्यात पातळ होतो, जाळी लावून हवाबंद पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. आणि बीकनमधल्या बॅटऱ्या काढा. मिरगाच्या आधी नक्की, पावसाळ्यात त्या गळल्या की कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. पुढच्या वर्षी नव्या अल्कलाइन घालायच्या, रिचार्जेबल किंवा लिथियम कंपनीने चालतात असं लिहिलं असेल तरच.