इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरताय? या चुका टाळा

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेज आणि ब्रँचच्या पसंतीक्रमाच्या यादीत) सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘हे तर नक्की मिळेल’ असं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकणं. बाकीच्या बऱ्याच चुका निस्तरता येतात, ही सहसा येत नाही.

जागावाटप कसं होतं ते आधी पाहू. मेरिट लिस्टच्या क्रमाने संगणक एकेकाचा फॉर्म घेतो, पहिल्या पर्यायापासून खाली उतरतो आणि जिथे त्या विद्यार्थ्यासाठी जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. त्याखालचे पर्याय तो बघतच नाही. त्यामुळे आवाक्याबाहेरचं वाटणारं कॉलेज वर टाकल्याने काहीच नुकसान होत नाही. ते नाही मिळालं तर संगणक पुढच्या ओळीवर येतो आणि तिथेही तुमचा मेरिट नंबरच बघतो. ‘वर अवघड टाकलं तर खालचं हातचं जाईल’ हा सल्ला दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो खुशाल डिलीट करा.

२०२५-२६ च्या प्रवेशांपासून क्रमाला आणखी धार आली आहे. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीज होतो, म्हणजे तीच जागा कायम होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तरी तेच. फ्रीज झालं की पुढच्या फेऱ्या बंद. समजा, एखाद्या मुलीला मनातून पुण्यात कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजमध्ये ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) हवं आहे. ‘आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणून तिने घराजवळच्या कॉलेजचं कॉम्प्युटर पहिलं टाकलं आणि कमिन्स दुसरं. पहिल्याच फेरीत घराजवळचं लागलं आणि फ्रीज झालं. तिसऱ्या फेरीत कमिन्सचा कट-ऑफ खाली आला तरी तिला आता त्याचा उपयोग नाही. फॉर्म प्रत्येक फेरीआधी नव्याने भरता येतो, त्यामुळे घाबरून पहिल्याच फेरीत तडजोड करायची गरज नसते. पहिल्या सहा ओळींत फक्त तेच ठेवा, जे मिळाल्यावर पुन्हा मागे वळून पाहावंसं वाटणार नाही. खात्रीचे पर्याय खाली, पण भरपूर ठेवा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका ही प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या साइटवरून उतरवून घ्या. शेजारच्या दादाच्या वेळचा नियम चालत नाही.

कट-ऑफ बघताना चुकीची ओळ वाचणं

कट-ऑफच्या पीडीएफमध्ये एका ब्रँचसाठी डझनभर रकाने असतात आणि पालक हमखास पहिला, म्हणजे खुल्या प्रवर्गाचा, वाचतात. रकान्याच्या नावातलं पहिलं अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींची. मध्ये प्रवर्ग असतो. शेवटचं अक्षर ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे विद्यार्थी आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. पुण्याच्या सीओईपी या सरकारी संस्थेच्या जागा ‘एस’मध्ये दिसतात, तर अनेक खासगी कॉलेजांत ‘एच’ आणि ‘ओ’ असे भाग असतात.

पुणेकरांची फसगत होते ती इथेच. महाराष्ट्रातूनच दहावी-बारावी झालेल्यांची होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावर ठरत नाही, बारावी जिथून झाली त्यावर ठरते. मुलगा राहतो कोथरूडला, पण बारावी लातूरच्या कॉलेजातून केली असेल तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. पुण्यातल्या कॉलेजांत त्याने ‘ओ’चा रकाना वाचायला हवा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. ‘इंटिग्रेटेड’च्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) नावाखाली जिल्ह्याबाहेर बारावीचा प्रवेश घेताना हे सहसा कोणी सांगत नाही.

कट-ऑफ एकाच फेरीचा बघू नका. पहिल्या आणि शेवटच्या फेरीतलं अंतर किती हे बघितलं तरच पुढची फेरी थांबून बघावी का, याचा अंदाज येतो. शिवाय ब्रँचच्या जागा यंदा वाढल्या आहेत का तेही तपासा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२४-२५ पासून प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा काढली आहे. एखाद्या कॉलेजने कॉम्प्युटरच्या जागा १२० वरून २४० केल्या, तर गेल्या वर्षीचा आकडा तसाच्या तसा धरता येत नाही.

नावात फसणं

डी. वाय. पाटील, सिंहगड, जेएसपीएम, एमआयटी ही एकेका कॉलेजची नावं नाहीत. आकुर्डीचं डी. वाय. पाटील वेगळं, पिंपरीचं वेगळं, लोहगावचं वेगळं. सिंहगडची कॉलेजं वडगाव, कोंढवा, वारजे आणि लोणावळ्यात आहेत. आळंदीचं एमआयटी कॅपमध्ये असतं, पण कोथरूडची एमआयटी-डब्ल्यूपीयू आणि लोणी काळभोरची एमआयटी-एडीटी ही खासगी विद्यापीठं असून त्यांचे प्रवेश त्यांच्या स्वतःच्या प्रक्रियेने होतात. म्हणून कागदावर यादी करताना नावासोबत चॉइस कोडही (त्या कॉलेजातल्या त्या ब्रँचचा क्रमांक) लिहा आणि फॉर्मवर कोड जुळवून बघा.

ब्रँचचंही तसंच. ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग’ आणि ‘कॉम्प्युटर सायन्स, कंसात एआय-एमएल’ हे दोन स्वतंत्र कोर्स आहेत. दुसरा नवा असेल तर त्याची एकही बॅच बाहेर पडलेली नसते, मग प्लेसमेंटचा आकडा कुठून येणार? नॅक आणि एनबीए या गुणवत्ता तपासणाऱ्या संस्था. नॅकचा दर्जा अख्ख्या कॉलेजला मिळतो, एनबीएचा मात्र ब्रँचनिहाय असतो. तुमच्या ब्रँचला तो आहे का आणि कुठल्या वर्षापर्यंत, हे विचारा. प्लेसमेंटसाठी फ्लेक्सवरचं ‘हायेस्ट पॅकेज’ सोडून द्या. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं भरलेली माहिती आपल्या साइटवर टाकतात. त्यात किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि मधला पगार किती, हे मिळतं. निवड करताना हेच आकडे धरा.

फी आणि कागद

फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजनिहाय बघा. टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या योजनेचा) चॉइस कोड वेगळा असतो आणि तो वेगळा भरावा लागतो. यात फक्त ट्यूशन फी माफ होते आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं. कॅपमधून आलेल्या पात्र मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. ती लागू होत असेल तर केवळ टीएफडब्ल्यूएससाठी कमी आवडतं कॉलेज वर ओढण्यात फारसा अर्थ नाही. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर ही सवलत मिळत नाही, हेही हिशेबात धरा.

जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत आहे का ते पाहा. अर्ज केल्याची पावती जोडून पुढे जाता आलं, तरी मूळ प्रमाणपत्र दिलेल्या तारखेपर्यंत आलं नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो आणि मग वरचं सगळं गणित कोलमडतं. आधार, दहावीची मार्कशीट आणि दाखल्यावरच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घाचा फरकसुद्धा आधीच दुरुस्त करून घ्या.

अंतर नकाशावर मोजू नका. हडपसरहून निगडी किंवा सिंहगड रोडवरून वाघोली हा प्रवास कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता पीएमपी बसने एकदा करून बघा. आकुर्डीला लोकल जाते, हा तिथल्या कॉलेजांचा मोठा फायदा. तिथे पोहोचल्यावर ऑफिसात माहितीपत्रक मागण्यापेक्षा कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, प्रॅक्टिकल खरोखर होतात का, आणि किती शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून गेले.

फॉर्म भरून झाला की तो ‘कन्फर्म’ करायला विसरू नका. नुसता सेव्ह केलेला फॉर्म धरला जात नाही. लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी सायबर कॅफेवाल्याला किंवा काउन्सेलरला देऊ नका. कन्फर्म झाल्यावर पीडीएफ उतरवून घ्या आणि पहिले सहा चॉइस कोड आपल्या कागदाशी जुळवा.