अ‍ॅल्युमिनियम स्टॉकची नवी रायफल: मॅचला नेण्याआधीची तयारी

इंदूरच्या रेंजवर सध्या एकच प्रश्न ऐकू येतो: "भिया, अ‍ॅल्युमिनियमवाली घेऊ की नको?" पॉइंट टू-टूची (५.६ मिलिमीटर गोळीची) मॅच रायफल लाकडी स्टॉकमध्ये, म्हणजे खांद्याला-गालाला लागणाऱ्या सांगाड्यात, असावी की त्याच कामाच्या धातूच्या चौकटीत, म्हणजे चेसिसमध्ये, यावर सरळ दोन तट पडलेत. जुने काका म्हणतात, लाकूड धक्का पिऊन टाकतं, धातू तो सगळा गालात आणून सोडतो. पोरं म्हणतात, आता लाकूड वापरतं कोण? दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. मला विचाराल तर चेसिस एकही गुण वाढवून देत नाही. आज सापडलेली सेटिंग उद्या, पुढच्या महिन्यात आणि भोपाळच्या मॅचला पोचल्यावरही मिलिमीटरला मिलिमीटर परत लावता येते, एवढंच ती करते. आकडे लिहून ठेवायची सवय नसलेल्याने लाखांत खर्च करून फक्त स्क्रू वाढवून घेतलेले असतात. तरीही घ्यायची ठरलीच असेल, तर तयारीला लागू.

आधी आपण कोणती स्पर्धा खेळतो ते स्वतःशी स्पष्ट करा. हसू नका. मोबाइलवर चेसिस रायफल शोधली की समोर येणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या प्रिसिजन रायफल सिरीजचे असतात. तिथे सहा-साडेसहा मिलिमीटरच्या सेंटरफायर (मोठ्या काडतुसांच्या) रायफली, वर दुर्बीण, खाली बायपॉड (दोन पायांचा आधार), आणि अडथळ्यावर टेकवून हजार यार्डांपर्यंतच्या पोलादी पाट्यांवर नेम. त्या चेसिसचं काम मॅगझिन नीट धरणं आणि खालच्या रेलवर बायपॉड हवा तिथे सरकवू देणं. आपल्या ५० मीटरला दुर्बीण चालत नाही, बायपॉडही चालत नाही. आपल्याकडे डायऑप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची), स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) आणि स्वतःची हाडं. त्यामुळे त्या व्हिडिओतल्या माणसाने एखाद्या चेसिसला दहापैकी साडेनऊ दिले काय आणि चार दिले काय, आपल्याला सारखंच. आपण बघायच्या त्या वाल्थरची केके ५००, फाइनवेर्कबाउची २८००, अ‍ॅल्युमिनियम स्टॉकमधली अन्श्युट्झ १९१३, आणि खिसा फारच खोल असेल तर स्वित्झर्लंडच्या ब्लाइकर किंवा ग्र्यूनिग अँड एल्मिगर. यांत वाईट एकही नाही. तुमच्या मानेला आणि खांद्याला कोणती बसते एवढाच प्रश्न, आणि तो कॅटलॉग चाळून सुटत नाही. रेंजवर मालकाच्या समोर, त्याच्या परवानगीने, जॅकेट घालून ती खांद्याला लावा. डोळे मिटा, मान सैल सोडा, मग डोळे उघडा. साइटमधून सरळ दिसलं तर पुढची बोलणी करा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. एअर रायफलवरून वर आलेल्या मुलांच्या आईबाबांना हे सगळं नवीन असतं. पॉइंट टू-टूला परवाना लागतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षांचा असतो. ताबा घेताना रायफलवर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर एक-एक अक्षर बोट ठेवून जुळवा, बिलावरचाही. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची अदलाबदल झाली की ती निस्तरण्यात हंगाम निघून जातो. परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगता येतात तेही आत्ताच पाहून ठेवा, पुढे काडतुसांचा लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) विकत घेताना ते आडवं येतं.

मग वेळ. राज्य स्पर्धेच्या किंवा मावळंकर स्पर्धेच्या तोंडावर नवी रायफल हातात घेऊ नये, मध्ये निदान दोन महिने हवेत. (मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब, नॅशनल रायफल असोसिएशनचे संस्थापक अध्यक्ष. जन्म बडोद्याचा. आपल्या पोरांना हे नाव फक्त फॉर्मवर दिसतं.) माझ्या मते चेसिसवर जायला पावसाळा सर्वांत बरा, कारण धातूचा खरा फायदा माळव्यात तेव्हाच कळतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगतं, अ‍ॅक्शनच्या (गोळी भरायच्या-उडवायच्या यंत्रणेच्या) बैठकीवर कमी-जास्त दाब येतो, आणि मेमध्ये बांधलेला झीरो (नेम धरला तिथेच गोळी पडावी अशी साइटची सेटिंग) गणपतीपर्यंत सरकलेला असतो. धातूला दमटपणाचं काही नाही. तो उष्णतेने वाढतो, आणि त्याचा बाऊ करणारेही भेटतील. हिशेब करून पाहा: अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे साधारण २३ मायक्रोमीटर वाढतं. सकाळ-दुपारचा २० अंशांचा फरक धरला तर ८० सेंटिमीटरचा स्टॉक ०.३७ मिलिमीटर वाढेल. नळी स्टॉकला कुठेही न टेकता मोकळी असते, तेव्हा या वाढीने गोळी कुठे जात नाही. जानेवारीत मात्र सकाळी पारा दहाच्या आसपास असताना उघड्या धातूला गाल लावायचा म्हणजे अंग आखडतं. म्हणून चीक पीस (गाल टेकवायचा भाग) लाकडाचा किंवा प्लास्टिकचा मिळत असेल तर तोच मागा.

खोक्यातून रायफल काढल्या काढल्या नवी सेटिंग शोधायला बसू नका. आधी जुनी रायफल टेबलावर आडवी ठेवा आणि मापं घ्या: ट्रिगरपासून बट प्लेटच्या (खांद्याला लागणाऱ्या मागच्या पट्टीच्या) मध्यापर्यंत किती, ट्रिगरपासून हँड स्टॉपपर्यंत (पुढचा हात अडतो त्या ठोकळ्यापर्यंत) किती, नळीच्या मध्यरेषेपासून बट प्लेट किती खाली, चीक पीसची वरची कड किती उंच, आणि मागची साइट डोळ्यापासून किती लांब. नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं झोपून), स्टँडिंग (उभं राहून), प्रत्येक पोझिशनचा रकाना वेगळा. महूला लष्कराची मार्क्समनशिप युनिट असल्यामुळे आपल्या भागात हे काम कोळून प्यायलेली निवृत्त माणसं सापडतात. कोणी ओळखीचं असेल तर त्या दिवशी चहाला बोलवा, कारण पोझिशनमध्ये असताना स्वतःची मापं स्वतःला घेता येत नाहीत. ही सगळी मापं जशीच्या तशी नव्या चेसिसवर उतरवा आणि पहिले दोन-तीन आठवडे काहीही हलवू नका. हात शिवशिवतात, कारण चेसिसवर प्रत्येक गोष्ट हलते, तिरकी होते, वर-खाली होते. त्यानंतर बदल करायचा तो एका वेळी एकच. आज बट प्लेट दोन मिलिमीटर खाली घेतली असेल तर आज चीक पीसला हात लागता कामा नये. तारीख, काय हलवलं, किती हलवलं, ग्रुपला (टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांच्या घोळक्याला) काय झालं, अशी ओळ वहीत पडली पाहिजे. वही म्हणतोय मी. मोबाइलमधला फोटो मॅचच्या दिवशी सापडत नाही.

स्क्रूंकडे वळू. लाकडी स्टॉकला जिथे दोन-चार हलते भाग, तिथे चेसिसला डझनभर, आणि धातूवर धातू घासत असल्यामुळे रोजच्या धक्क्याने ते हळूहळू ढिले होतात. अ‍ॅक्शनचे स्क्रू किती आवळायचे ते पुस्तिकेत न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं, तो आकडा टॉर्क रेंचनेच गाठायचा. "हाताला कळतं" म्हणणाऱ्याला एलन की देऊ नये, तो कितीही ज्येष्ठ असो. आवळून झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. लाल असेल तर उत्तम, काळ्या अ‍ॅनोडाइज्ड स्टॉकवर उठून दिसते. रोज किट उघडल्यावर नजर फिरवायची: रेघ अखंड तर स्क्रू जागेवर, रेघ तुटलेली दिसली तर तो फिरलाय. घरातल्या ताई-वहिनींकडून बाटली मागून आणा, काम झाल्यावर परत द्या. आणि धातूचा तो टणत्कार, जो ऐकून काका नाक मुरडतात, त्याने काही बिघडत नाही. त्याची आठवडाभरात सवय होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लोक चेसिसवर लाखभर जास्त खर्च करतात आणि गोळीचा लॉट मिळेल तो उचलतात. उलट करा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. थोडक्यात, रायफल आणि गोळीच्या जोडीने दहा गोळ्यांचे मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात टाकले तर कागदावर सगळे दहा शक्य आहेत. पण ही सगळी जागा जोडीनेच खाल्ली तर तुमच्या श्वासासाठी, नाडीसाठी, वाऱ्यासाठी काय उरलं? म्हणून लॉट तपासताना १६ वर समाधान मानू नका, त्याच्या निम्म्याकडे नजर ठेवा. मोजायची पद्धत सोपी: व्हर्निअरने ग्रुपची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजा आणि त्यातून ५.६ वजा करा. एली टेनेक्स, लापुआ मिडास, आरडब्ल्यूएस आर ५० या काडतुसांतलं कोणतं चांगलं असं विचारू नका, तुमच्या नळीला कुठला लॉट मानवतो ते शोधा. एकाच नावाच्या दोन डब्यांत लॉट नंबर वेगळा असला की ग्रुप वेगळा पडतो, आणि जुन्या रायफलला मानवलेला लॉट नवीला मानवेलच असं नाही. क्लॅम्पची (रायफल घट्ट धरणाऱ्या पकडीची) सोय कुठे असेल तर क्लॅम्पमध्ये, नाहीतर रेंजवरच्या सर्वांत स्थिर माणसाला प्रोनमध्ये झोपवून, प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप घ्या. जो ठरेल त्याचा, परवान्यात बसेल तेवढा, साठा एकदम घ्या.

याला एवढं महत्त्व का, तर पॅरिस आठवा. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे ५९० गुणांवर सातवा आला आणि फायनलमधून ब्राँझ घेऊन परतला. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ वर होता, अकरावा. साठ गोळ्या, फरक एका गुणाचा. त्या पातळीवर कोणाच्याही हातात वाईट रायफल नसते.

थ्री पोझिशन खेळणाऱ्यांनी पोझिशन बदलण्याचीही तालीम करायची. क्रम नीलिंग, प्रोन, स्टँडिंग, प्रत्येकी वीस गोळ्या, सगळ्याला मिळून दीड तास, आणि बदलायचा वेळ त्यातच. चेसिसवरचे आकडे इथे पैसे वसूल करतात: बट प्लेट अमुक रेघेवर, हँड स्टॉप तमुक आकड्यावर, झालं. पण हे घरी, गोळीशिवाय, जॅकेट-पँट घालून आणि घड्याळ लावून करून पाहा. जॅकेटच्या जाड बाहीमुळे एलन की हातातून सुटते, ही गोष्ट मॅचच्या दिवशी कळू नये. पोझिशननुसार लागणाऱ्या किल्ल्या वेगळ्या रंगाच्या टेपने गुंडाळा.

इक्विपमेंट कंट्रोलचं (मॅचआधीच्या सामान-तपासणीचं) घरीच उरकून टाका. पुरुषांच्या ५० मीटर रायफलला सगळ्या अ‍ॅक्सेसरीजसह ८ किलोची मर्यादा आहे, मुलींनी त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतला आकडा पाहावा. चेसिस घेतली की नळीवर वजनं, साइटखाली ठोकळे, पुढे पाम रेस्ट (तळहात टेकवायचा भाग) असं चढत जातं आणि काटा कधी पुढे गेला ते कळत नाही. किराणा दुकानाचा काटा नको, कुरिअरवाल्याकडचा इलेक्ट्रॉनिक वापरा, आणि सर्वांत जड पोझिशनची मांडणी करून वजन घ्या. स्लिंग ४० मिलिमीटरपेक्षा रुंद नको, पाम रेस्ट नळीच्या मध्यरेषेपासून २०० मिलिमीटरपेक्षा खाली नको.

भोपाळला आदल्या दिवशीच जा. रस्ता चार तासांचा आहे, पण सकाळी पोहे खाऊन निघू आणि अकराच्या डिटेलला (नेमबाजांच्या पाळीला) उभे राहू ही इंदुरी हुशारी इथे चालत नाही. बोल्ट काढून वेगळा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (आत गोळी नसल्याची खूण), काडतुसं वेगळ्या पेटीत, परवाना आणि स्पर्धेचं पत्र वरच्या कप्प्यात. उन्हात उभ्या गाडीत रायफल सोडून जेवायला जाऊ नका. चोरीचं तर आहेच, पण तापलेला अ‍ॅल्युमिनियम स्टॉक हातात धरवत नाही. खोलीवर पोचलात की नेलपॉलिशच्या रेघा एकदा तपासा. नळी त्या रात्री साफ करू नका. करायचीच असेल तर दोन दिवस आधी करा आणि त्यावर निदान वीस-पंचवीस गोळ्या जाऊ द्या, साफ नळीच्या पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात.

आणि जुना लाकडी स्टॉक लगेच ओएलएक्सवर टाकायची घाई नको. जुनीच अ‍ॅक्शन नव्या चेसिसमध्ये बसवली असेल तर एक पूर्ण हंगाम तो घरात राहू द्या. वाढत्या वयाच्या मुलांची पोझिशन वर्षभरात बदलते आणि काही जण खरोखरच लाकडाकडे परत येतात. फक्त पावसाळ्यात भिंतीला टेकवून उभा ठेवू नका. ओल धरते आणि स्टॉकला पीळ बसतो. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या धोतरात गुंडाळून, आडवा.