अक्षता पडताना डिस्क अडकू नये म्हणून

घरातल्या लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर घ्यायची ठरली की लोक आधी दुकानात जाऊन कोऱ्या डिस्क आणतात. त्या अगदी शेवटी आणा. आधी ती डिस्क ज्या प्लेयरमध्ये लागणार आहे तो बघून या. आमच्या आत्याकडे पंधरा-सोळा वर्षांचा प्लेयर आहे आणि तो बदलायला ती तयार नाही. मी केलेली पहिली डिस्क माझ्या कॉम्प्युटरवर लोण्यासारखी चालली. आत्याकडे मात्र नेमकं ‘शुभमंगल सावधान’ झालं, अक्षता उडाल्या आणि चित्र गोठलं. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या काकूंचं तोंड तसंच उघडं! तेव्हापासून एन्कोडिंगचे, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याचे, आकडे मी प्लेयर डोळ्यांपुढे ठेवून ठरवतो.

पहिलं काम वेळेचं. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली की शेवटचा निळा पडदा आणि कॅमेरा चालू राहून गेलेली जमीन, चपला वगैरे कापून टाका आणि उरलेली मिनिटं मोजा. मग हिशोब मांडा. एका थराच्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. कॅसेट तीन तासांची असेल तर १०,८०० सेकंद; भागाकार केला की सेकंदाला साधारण ३,४८० किलोबिट हाती येतात. त्यातले १९२ आवाजाला द्या. मेनू, बांधणी आणि डिस्कची कड मोकळी ठेवण्यासाठी आणखी पाचेक टक्के सोडा. चित्रासाठी सरासरी ३,१०० उरतात.

७२० बाय ५७६ च्या चित्राला, तेही जुन्या कॅसेटच्या मुंग्यांसकट, एवढे पुरत नाहीत. इथे दोन वाटा आहेत. एक तर पंगतीच्या आधी तोडून दोन डिस्क करा. नाहीतर चित्र ३५२ बाय ५७६ ठेवा. डीव्हीडीच्या नियमात हा आकारही बसतो. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळातच २४० रेषांच्या आसपास असतो, त्यामुळे फारसं काही गमावत नाही. मला ही दुसरी वाट आवडते, कारण आत्याला डिस्क बदलायला उठावं लागत नाही. एन्कोड करण्याआधी मुंग्या थोड्या कमी करून घ्या आणि चित्राच्या तळाशी वळवळणारी पट्टी काळी करा. त्या पट्टीवर बिट उधळण्यात काही अर्थ नाही.

आता व्हेरिएबल बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारे बिट गरजेप्रमाणे कमी-जास्त करणं. होमापुढे बसलेलं जोडपं मिनिटभर हलत नाही, त्याला थोडक्यात भागतं. अक्षता उडाल्या की एकेका फ्रेममध्ये शेकडो दाणे जागा बदलतात, वर फ्लॅश उडतात, आणि एन्कोडर हात पसरून मागायला लागतो. इथलं वाचवून तिथे देणं, एवढंच व्हेरिएबलचं काम. म्हणून ते दोन फेऱ्यांत करा: पहिल्या फेरीत एन्कोडर नुसता बघून ठेवतो, दुसरीत वाटप करतो. एका फेरीत ठरावीक दर्जा धरून केलं तर फाइल केवढी होईल याचा भरवसा नसतो.

सरासरी हिशोबातून आली, पण कमाल मर्यादा तुम्हाला ठरवायची आहे, आणि माझी चूक तिथेच झाली होती. नियमानुसार चित्राला ९,८०० पर्यंत जाता येतं, आवाजासकट सगळं मिळून १०,०८०. मी आकडा पार टोकाला नेऊन ठेवला होता. घरी राइट केलेली डिस्क कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा कमी प्रकाश परतवते. जुनी लेन्स एखादा भाग पुन्हा वाचायला गेली की तेवढ्यात प्लेयरजवळचा साठा संपतो. आता मी कमाल ८,००० च्या वर नेत नाही, आत्यासाठी तर ७,०००. किमान मर्यादाही शून्यावर सोडत नाही, १,५०० ठेवतो. बफर, म्हणजे प्लेयरजवळचा तो साठा, २२४ किलोबाइटचाच राहू द्या आणि पूर्ण फ्रेम (आधीच्या फ्रेमवर न विसंबणारी) जास्तीत जास्त दर १५ फ्रेमनंतर येऊ द्या. एफएफएमपेग या एन्कोडिंगच्या प्रोग्रॅममध्ये पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडीचं तयार लक्ष्य निवडलं तर बफर आपोआप बसतो. सरासरी आणि कमाल मात्र स्वतः लिहा.

फील्डचा क्रम बघून घ्या; फील्ड म्हणजे एका फ्रेमच्या एकाआड एक रेषांचा अर्धा भाग. मिनी डीव्ही (छोट्या डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्यातून आलेलं असेल तर खालची फील्ड आधी; कॅप्चर कार्डांचं, म्हणजे कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कार्डांचं, ज्याचं त्याला ठाऊक. क्रम उलटा पडला तर वरातीतला घोडा दोन पावलं पुढे, एक मागे असा चालतो. कॉम्प्युटरवर हे बरेचदा दिसतच नाही, टीव्हीवर दिसतं.

आवाज ४८ किलोहर्ट्झवर आणा. मिनी डीव्हीच्या बऱ्याच टेपा ३२ वर भरलेल्या असतात. आवाजाचा फॉरमॅट एसी३ (डॉल्बीचा) ठेवा.

अमेरिकेतल्या भावाला हीच डिस्क पाठवायचा विचार असेल तर थांबा. आपल्याकडे पाल, २५ फ्रेम; तिकडे एनटीएससी, आणि तिकडचे बरेच प्लेयर पाल घेत नाहीत. लोक याला रीजन कोडचा (डिस्क ठरावीक देशांतच चालू देणाऱ्या कुलपाचा) घोळ समजतात, पण घरच्या डिस्कवर रीजनची अडचण नसते. त्याला सरळ पेन ड्राइव्हवर फाइल द्या.

आता डिस्क आणा. जुन्या प्लेयरसाठी डीव्हीडी मायनस आर मागा. १६ एक्सची डिस्क ८ किंवा ४ च्या वेगाने राइट करा, फायनलाइझ करा (म्हणजे डिस्क बंद करा), व्हेरिफाय करा (म्हणजे राइट झालेलं तपासून घ्या). वर कागदी लेबल चिकटवू नका. मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने नाव पुरेसं आहे. चाचणी पुसून वापरायच्या आरडब्ल्यू डिस्कवर घेत असाल तर ध्यानात ठेवा, ती आणखी कमी प्रकाश परतवते, म्हणून ती अडली म्हणजे एन्कोडिंगच चुकलं असं नाही.

डिस्क आत्याच्याच प्लेयरमध्ये लावून बघा, आणि सुरुवातीचा गणपती बघत बसू नका. आधी अक्षतांचा चॅप्टर लावा. मग शेवटची दहा मिनिटं. डिस्क आतून बाहेर भरत जाते आणि राइट करतानाचे दोष बाहेरच्या कडेला जास्त साचतात. आमच्या कॅसेटमध्ये त्या कडेला पाठवणी आहे, रात्रीच्या अंधारातली, मुंग्यांनी भरलेली.