बहुभाषिक शहरातील नॉयर रहस्यकथा कशी लिहावी

गुन्हा रचण्याआधी तो दडपण्यात कोणाकोणाचे हित आहे ते ठरवावे, कारण नॉयरमध्ये, म्हणजे काळोख्या, निराश सुराच्या गुन्हेकथेत, गुन्हेगार सापडला तरी व्यवस्था जागची हलत नाही. अनेक भाषांचे शहर नुसता देखावा ठरू नये, तपासाची अडचण तिथूनच उभी राहावी: साक्षीदार बराच वेळ बोलतो, दुभाषा मात्र ‘त्याने काही पाहिले नाही’ एवढेच सांगतो, आणि ती भाषा न कळणाऱ्या गुप्तहेराच्या कानांनी मधे दोनदा उच्चारलेले एक नाव अचूक टिपलेले असते. मोबाइल टॉवरच्या नोंदींवरून साधारण परिसर कळतो, खोली नव्हे. सीसीटीव्हीचे चित्रणही बहुधा काही दिवसांनी पुसले जाते, तेव्हा पुरावा हातातून निसटू द्यावा. स्थलांतरित पात्रालाच खुनी ठरवणे (हा निव्वळ आळस) टाळावे.