पेठेतलं पाणी शोधायचंय? सुरुवात आजींपासून करा

“पानशेतचं पाणी कुठवर आलं होतं?” पुण्यात नदीकाठच्या पेठेतल्या एखाद्या आजींना विचारून बघा. त्या उठतात, भिंतीपाशी जातात आणि हात टेकवून म्हणतात, “इथवर.” लगेच टेप काढा, जमिनीपासून हातापर्यंतची उंची मोजा आणि घराच्या खुणेसकट लिहून घ्या. ही तुमची पहिली नोंद.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पूर आला तेव्हा जे दहा वर्षांचे होते ते आता पंचाहत्तरीला आलेत, म्हणून आधी आठवणी. नुसतं “आठवणी सांगा” म्हटलं की माणसं एकतर गप्प बसतात, नाहीतर भाषण ठोकतात. नेमकं विचारा. हौदावर पाणी भरायला कोण जायचं? कळशी की घागर? धुणं कुठल्या घाटावर? आम्ही एकदा हॉल घेऊन सभा ठेवली, सहा जण आले, त्यातले दोघे चुकून. पुढच्या वेळी देवळात हरिपाठ संपल्यावर तिथल्याच सतरंजीवर पेठेतल्या पाण्याचा नकाशा पसरला, तर उठायला कोणी तयार होईना.

नकाशा कागदाचाच हवा, मोठा, चौघांना भोवती बसता येईल असा. आज दिसणारं पाणी निळ्या रंगात, बुजलेलं लाल. ऐकीव गोष्ट पेन्सिलीनं. दुसऱ्या कुणी दुजोरा दिला तरच शाई. पुण्यात लाल रंग जास्त लागतो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून, निव्वळ उतारावर पाणी आणलं. वाटेत हौद होते, दाब सांभाळायला उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायला ठेवलेल्या उभ्या वाटा. आंबील ओढाही पेशवाईतच वळवलेला.

पोरांसाठी तळ्यात-मळ्यात. खडूनं रेघ मारा आणि ‘तळ्यात’, ‘मळ्यात’ ऐवजी जागांची नावं पुकारा. जिथे कधीकाळी पाणी होतं, त्या नावाला आत उडी. “पर्वतीची टेकडी!” सगळे बाहेर. “सारसबाग!” इथे नवखा हमखास फसतो. तिथल्या गणपतीला ‘तळ्यातला’ का म्हणतात, हे बाद झाल्यावर बरोबर लक्षात राहतं.

“फडके हौद!” म्हटलं की निम्मी पोरं आत, निम्मी बाहेर, आणि भांडण. मग ते मिटवायला कट्ट्यावरचे आजोबा उठतात. त्यांना विचारून फोनचं रेकॉर्डिंग तेवढ्यात चालू करा.